जुना इंजिन ब्लॉक घेताना-विकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या माणसाच्या दारात कधी ना कधी ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा सिलिंडर असलेला मुख्य ओतीव सांगाडा, येऊन पडतोच. मी आजवर काही घेतले, काही विकले. दोनदा सपशेल फसलो आणि एकदा, मनात काही नसताना, समोरच्याला फसवलं. तेच तेच प्रश्न विचारले जातात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. इथे सगळी चर्चा एका हौशी माणसाने दुसऱ्या हौशी माणसाकडून घेतलेल्या ब्लॉकची आहे. पावती आणि गॅरंटीसह दुकानातून घेतलेल्या मालाची गोष्ट वेगळी.

बेअर ब्लॉक, शॉर्ट ब्लॉक आणि लाँग ब्लॉक यांत फरक काय?

बेअर म्हणजे नुसतं ओतकाम: सिलिंडर, पाण्याच्या आणि ऑइलच्या वाटा, मेन बेअरिंगच्या कॅप (क्रँक या फिरत्या दांड्याला खालून धरणारे तुकडे). शॉर्टमध्ये क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन बसवलेले असतात. लाँगमध्ये वर हेडही (सिलिंडरवरचं झाकण) येतं. पण ऑइल पंप, टायमिंग कव्हर, संप (खालची तेलाची टाकी) यांचं काय, याबाबत प्रत्येकाची व्याख्या निराळी. शब्दावर विसंबू नका, काय काय मिळणार त्याची यादी मागा.

विकायचा आहे. जाहिरातीत काय लिहू?

कास्टिंग नंबर, इंजिन नंबर कसा आहे (शाबूत, घासलेला की नाहीच), बोअरचं (सिलिंडरच्या भोकाचं) माप, मेन कॅप आहेत का, आणि ब्लॉक कशामुळे गाडीतून उतरवला. शेवटचा मुद्दा बहुतेकजण गाळतात आणि घेणाऱ्याला नेमका तोच हवा असतो. 'गाडी गंजली म्हणून इंजिन काढलं' आणि 'गरम होऊन जॅम झालं म्हणून काढलं' या दोन ब्लॉकांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माझी एक सवय सांगतो. प्रत्येक गोष्टीपुढे मी 'मोजलेलं', 'पाहिलेलं' किंवा 'ऐकलेलं' असं लिहितो. ही सवय एका चुकीतून लागली. एक चार सिलिंडरचा ब्लॉक मी 'स्टँडर्ड बोअर' म्हणून विकला. मला ज्याने विकला होता त्याने तसं सांगितलं होतं आणि मी तेच पुढे छापलं. घेणाऱ्याने स्टँडर्ड पिस्टन मागवले, ते आत घातले तर खुळखुळ्यासारखे हलायला लागले. ब्लॉकवर आधीच एकदा बोअरिंग झालं होतं, म्हणजे भोकं कापून मोठी केली होती. पैसे परत केले, पिस्टनचे अर्धे भरले, आणि वर जे ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. मी खोटं बोललो नव्हतो. फक्त दुसऱ्याचं ऐकीव माझ्या नावावर खपवलं होतं.

फोटो भरपूर टाका: प्रत्येक बोअर वरून, दोन्ही बाजू, खालून मेनच्या बैठका, नंबर जवळून. आणि फोटोआधी ब्लॉक धुऊन पुसून घ्या. काळ्या तेलाच्या थराखाली काहीही लपतं, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं.

कास्टिंग नंबर आणि इंजिन नंबर एकच का?

नाही. कास्टिंग नंबर साच्यातच असतो, त्यामुळे तो ब्लॉकवर उठून दिसतो आणि त्या साच्यातून निघालेल्या सगळ्या ब्लॉकांवर सारखाच असतो. इंजिन नंबर नंतर ठोकलेला असतो, खोलगट, आणि त्या एका इंजिनाचा.

कास्टिंग नंबरवरून घराणं कळतं, माणूस कळेलच असं नाही. शेव्हरोलेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिनांमध्ये ३९७००१० हा नंबर प्रसिद्ध आहे. ३५० घन इंचाच्या इंजिनांत तो सर्रास सापडतो, पण त्यात दोन बोल्टच्या मेन कॅपवालेही ब्लॉक आहेत आणि चार बोल्टवालेही. संप काढल्याशिवाय कळत नाही. म्हणजे नंबर बघून 'चार बोल्टचा आहे' म्हणणारा एक तर संप काढून आलेला असतो, नाही तर अंदाज ठोकत असतो.

त्याच ब्लॉकांवर ओतकामाची तारीखही असते: आधी महिन्याचं अक्षर, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. 'सी १२ ९' म्हणजे १२ मार्च, पण १९६९ की १९७९ हे बाकीच्या खुणांवरून ठरवायचं. दहा वर्षांचा हा घोळ विकणाऱ्याच्या सोयीने सुटताना मी बराच पाहिला आहे. दुसरं उदाहरण निसानच्या आरबी२६ इंजिनाचं. त्याच्या साध्या ब्लॉकवर ०५यू आणि जास्त दणकट एन१ ब्लॉकवर २४यू अशी खूण ओतलेली असते. दोघांच्या भावात मोठी तफावत, त्यामुळे त्या खुणेचा जवळून काढलेला, तिरप्या उजेडातला फोटो मागायला लाजू नका.

'मॅचिंग नंबर'चा ब्लॉक आहे म्हणतात. खरं की खोटं?

मॅचिंग म्हणजे त्या गाडीसोबत कारखान्यातून आलेलाच ब्लॉक. नंबर ठोकायची जागा बघा. स्मॉल-ब्लॉकमध्ये ती उजव्या हेडच्या पुढे, डेकच्याच (हेड बसतं त्या वरच्या सपाट पृष्ठभागाच्या) पातळीत असते. कारखान्यात तो पृष्ठभाग यंत्राने तासलेला असतो आणि त्यावर बारीक समांतर रेघा असतात. डेक पुन्हा तासला की रेघा आणि नंबर दोन्ही जातात. म्हणून तासलेल्या, गुळगुळीत किंवा कागदाने घासल्यासारख्या जागेवर कोराकरकरीत नंबर दिसला तर हात आखडता घ्या. रेघा आहेत, नंबर आहे, पण ओतकामाची तारीख गाडी तयार झाल्याच्या नंतरची आहे? मग तर प्रश्नच मिटला.

बघायला जाताना सोबत काय न्यायचं?

बोअर गेज आणि मायक्रोमीटर, फीलर गेज, सरळपट्टी, टॉर्च, वायर ब्रश, चिंधी, थोडं रॉकेल, खडू. शिवाय एक हेड बोल्ट आणि एक मेन बोल्ट, आटे तपासायला. बोअर गेज नसेल तर उसना आणा. तेही जमत नसेल तर ब्लॉक मशीन शॉपमध्ये मोजून घ्यायच्या अटीवर बोला. व्हर्नियरने बोअर मोजू नका. इथे लढाई मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची असते, व्हर्नियरच्या जबड्यांना ती झेपत नाही.

बोअर नेमका कसा मोजायचा?

प्रत्येक सिलिंडर तीन उंचीवर: वर, मध्ये, खाली. प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी: क्रँकच्या समांतर आणि त्याला काटकोनात. सहा सिलिंडरला ३६ आकडे होतात. कंटाळवाणं काम आहे, पण सगळा सौदा या कागदावर उभा असतो.

झीज सगळीकडे सारखी होत नाही. वरची रिंग जिथे थांबून परत फिरते तिथे, म्हणजे डेकच्या थोडं खाली, सर्वांत जास्त. काटकोनातल्या दिशेने, जिथे पिस्टन भिंतीवर रेलतो, तिथेही जास्त. म्हणून वरचं माप आणि खालचं माप यांतला फरक म्हणजे टेपर, आणि एकाच उंचीवरच्या दोन दिशांतला फरक म्हणजे ओव्हॅलिटी. कुठपर्यंत चालतं हे त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि अंतिम शब्द त्याचाच. ओव्हॅलिटी ०.०५ मिमीच्या पुढे गेली की मी तरी बोअरिंगचा खर्च धरूनच भाव बोलतो.

मापं नंतर घ्या, आधी नख फिरवा. बोअरच्या अगदी वर जिथे रिंग पोचत नाही तिथे एक कड राहते. नख त्या कडेला अडकलं तर झीज भरपूर झाली आहे. त्या कडेच्या वरचा न झिजलेला पट्टा मोजला की मूळ बोअर स्टँडर्ड होता की ओव्हरसाइज (आधीच मोठा केलेला), हेही कळतं. मी विकलेल्या त्या ब्लॉकवर हे एक मिनिटाचं काम केलं असतं तर बरंच वाचलं असतं.

ब्लॉक उन्हात ठेवून मोजू नका. ८६ मिमीचा बिडाचा बोअर १० अंश सेल्सिअस तापमान वाढलं की साधारण ०.०१ मिमी फुगतो, अ‍ॅल्युमिनियमचा त्याच्या दुप्पट. गेज आणि ब्लॉक एकाच खोलीत काही तास राहू द्या.

पिस्टनवर 'एसटीडी' ठोकलंय. तेवढं पुरे?

नाही. पिस्टन बदलता येतात. बोअर मोजा.

किती ओव्हरसाइजपर्यंत जाता येतं?

मेट्रिक इंजिनांत पायऱ्या साधारण ०.२५ आणि ०.५० मिमीच्या असतात. अमेरिकी इंजिनांत हजाराव्या इंचात बोलतात: २०, ३०, ४०, ६०. टोयोटाच्या २जेझेड इंजिनाचा बोअर ८६ मिमी, आणि लोक तो ८६.५ किंवा ८७ करतात. पण किती जाता येतं हे छापील आकड्यावर नव्हे, तुमच्या समोरच्या ब्लॉकच्या भिंतीच्या जाडीवर ठरतं. ओतताना आतला गाभा किंचित सरकला की एका बाजूची भिंत जाड होते, दुसऱ्या बाजूची पातळ. बाहेरून काही दिसत नाही. अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने, म्हणजे ज्याला सोनिक टेस्ट म्हणतात त्याने, ते कळतं. शर्यतीचं किंवा टर्बोचं इंजिन करायचं असेल तर आधी सोनिक टेस्ट, मग बोअरिंग. उलट क्रमाने केलं तर बोअरिंगचे पैसे पाण्यात जायची शक्यता असते, शब्दशः पाण्यात, कारण भिंत फुटली की पलीकडे कूलंटच आहे.

विकणाऱ्याने ध्यानात ठेवावं: स्टँडर्ड बोअरचा ब्लॉक महाग जातो कारण त्यात अजून दोन-तीन जन्म शिल्लक असतात. शेवटच्या ओव्हरसाइजला पोचलेला कितीही चकाचक दिसला तरी तो म्हातारा आहे. त्यात लायनर (बोअरमध्ये बसवायच्या नळ्या) टाकता येतात, पण तो खर्च घेणारा तुमच्या भावातून वजा करणारच.

मेन कॅप हरवल्यात. दुसऱ्या ब्लॉकच्या बसवू का?

माझ्या दोन फसवणुकींतली पहिली हीच. ब्लॉक सुंदर होता, बोअर ताजे, डेक सपाट. कॅप वेगळ्या डब्यात होत्या, पाचच्या पाच. घरी आणून बसवल्या, टॉर्क दिला आणि क्रँक फिरवायला गेलो तर जागचा हलेना. नीट पाहिलं तर दोन कॅप वेगळ्याच ब्लॉकच्या. आकार तोच, नंबरही बरोबर, फक्त त्या ओतकामाच्या नव्हत्या.

कारण असं, की कारखान्यात मेनचं भोक कॅप घट्ट आवळून, ब्लॉक आणि कॅप एकत्र धरून कोरलेलं असतं. अर्धा गोल ब्लॉकमध्ये, अर्धा कॅपमध्ये. दुसऱ्या ब्लॉकची कॅप म्हणजे दुसऱ्याच गोलाचा अर्धा भाग. ती चालवायची तर लाइन बोअरिंग किंवा लाइन होनिंग करावं लागतं, म्हणजे सगळ्या बैठका एका रेषेत पुन्हा कोरणं किंवा दगडाने घासून मापात आणणं. शिवाय त्यात क्रँकची मध्यरेषा किंचित वर सरकते, त्यामुळे कॅमची चेन सैल पडू शकते. म्हणून कॅप नसलेल्या ब्लॉकचा भाव ठरवताना हे काम जमेस धरा.

विकताना कॅप ब्लॉकवरच, आपापल्या जागी, बाण पुढे करून, बोल्टसकट आवळून द्या. डब्यात देऊ नका.

तडे कुठे शोधायचे?

पहिली जागा: डेकवर, हेड बोल्टचं भोक आणि बोअर किंवा पाण्याचं भोक यांच्या मधला पट्टा. दुसरी: मेनच्या बैठकांच्या वरचे पडदे. तिसरी: बाहेरच्या बाजूला, फ्रीझ प्लगच्या (बाजूच्या गोल भोकांतल्या बुचांच्या) रांगेजवळ. कूलंटऐवजी नुसतं पाणी भरलेलं इंजिन कडाक्याच्या थंडीत उभं राहिलं की पाणी गोठतं, सुमारे ९ टक्के फुगतं आणि ब्लॉकची बाजू लांब चिरते. फ्रीझ प्लग यापासून वाचवतात अशी समजूत आहे. खरं तर ती भोकं ओतकामातली वाळू बाहेर काढण्यासाठी असतात, आणि प्लग वेळेवर उडाला तर ते नशीब.

प्रत्येक घराण्याचा आपला रोगही असतो. फोर्डच्या ३०२ ब्लॉकमधून फार ताकद काढली की तो लिफ्टरच्या घळीतून (दोन सिलिंडर-रांगांमधली, व्हॉल्व्ह हलवणारे लिफ्टर बसतात ती दरी) उभा दुभंगतो. रोव्हर व्ही-८, ज्याचं मूळ ब्यूइकच्या १९६१ च्या २१५ घन इंचाच्या अ‍ॅल्युमिनियम इंजिनात आहे, त्याच्या मोठ्या आवृत्त्यांत लायनरच्या मागे तडा जातो. तो बाहेरून दिसतच नाही. म्हणून जो ब्लॉक घ्यायचाय त्याचा रोग आधी वाचून जा.

घरगुती परीक्षा अशी: संशयाची जागा ब्रशने साफ करा, रॉकेल लावा, पाच मिनिटं थांबा, कोरडी पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तड्यात शिरलेलं रॉकेल परत वर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. पहिल्यांदा ती रेघ हळूहळू उमटताना पाहिली तेव्हा पोटात गोळा आला होता, कारण ब्लॉकचे पैसे देऊन झाले होते. ही माझी दुसरी फसवणूक.

रॉकेल-खडू मोठे तडे दाखवतं, बारीक नाही. बिडासाठी चुंबकीय चाचणी करतात. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चालत नाही, तिथे रंगीत पेनिट्रंट. आणि पाण्याच्या वाटा बंद करून हवेच्या दाबाने केलेली प्रेशर टेस्ट दोन्हींना लागू. महागड्या सौद्यात प्रेशर टेस्टशिवाय पैसे देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकला काय वेगळं बघायचं?

आधी हे विचारा: बोअरची भिंत कशाची आहे? बहुतेकांत बिडाचे लायनर असतात, निसान एसआर२० सारखे, आणि त्यांचं बोअरिंग नेहमीसारखं होतं. पण निकासिलचा लेप असेल, म्हणजे निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण, तर नेहमीचं बोअरिंग करून भागत नाही. लेप गेला की पुन्हा चढवावा लागतो, किंवा लायनर. १९९० च्या दशकातल्या काही बीएमडब्ल्यू आणि जॅग्वार इंजिनांचे असे लेप जास्त गंधक असलेल्या पेट्रोलने खाल्ले होते.

तिसरा प्रकार अ‍ॅल्युसिल: लायनर नाही, लेप नाही, मिश्रधातूतच सुमारे १७ टक्के सिलिकॉन. पोर्शे ९२८ आणि ९४४ अशा बोअरचे. यात सिलिकॉनचे कण उघडे पाडणारं वेगळं होनिंग लागतं. तुमच्या नेहमीच्या मशीनवाल्याला ते येतं का, हे ब्लॉक घेण्याआधी विचारा, नंतर नाही.

आटे तपासा. अ‍ॅल्युमिनियममधले हेड बोल्टचे आटे पहिले जातात. हेलिकॉइल (आट्यांच्या जागी बसवलेली तारेची गुंडाळी) टाकलेले असतील तर तो दोष नाही, उलट नीट टाकलेलं हेलिकॉइल मूळ आट्यापेक्षा दणकट असतं. दोष आहे तो न सांगण्यात. आणि ब्लॉक धुवायला देताना सांगा की अ‍ॅल्युमिनियम आहे. बिडाचे ब्लॉक ज्या कॉस्टिकच्या गरम टाकीत उकळतात, ती टाकी अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकते.

बोअरला गंज आहे. सोडून देऊ?

वरवरचा तांबूस थर असेल तर घाबरू नका, हेड काढून काही दिवस दमट हवेत ठेवला की कुठल्याही ब्लॉकला तो येतो. तेलाच्या चिंधीने निघतो. पण बोअरमध्ये एका उंचीवर गोल काळी रेघ असेल आणि तिथे नखाला खड्डे लागत असतील तर पाणी साचून राहिलं होतं. ते खड्डे होनिंगने जात नाहीत, बोअरिंगच करावं लागतं. मग पुन्हा तोच प्रश्न: भिंतीत तेवढं मांस आहे का?

'मशीनिंग झालेला, तयार ब्लॉक' जास्त पैसे देऊन घ्यावा का?

कोणत्या पिस्टनसाठी बोअर केला? मोजमापाचा कागद आहे का? होनिंग करताना टॉर्क प्लेट लावली होती का? (हेड आवळल्यावर बोअर किंचित वाकतात, प्लेट लावली की त्याच ताणात होनिंग होतं.) तीन उत्तरं नीट आली तर घ्या. नाही आली तर तो तुमच्यासाठी मशीनिंग न झालेल्यापेक्षा वाईट, कारण दुसऱ्याच्या पिस्टनच्या मापाने धातू काढून झालाय.

भाव कसा ठरवायचा?

चांगल्या, मोजलेल्या ब्लॉकच्या चालू भावातून आवश्यक कामांचा खर्च वजा करा. न तपासलेल्या गोष्टी बिघडलेल्या धरा. विकणाऱ्याला हे अन्यायाचं वाटतं, पण उपाय त्याच्याच हातात असतो: तपासून द्या आणि पूर्ण भाव घ्या. 'माझे यात इतके गेले' हा मुद्दा कुणी ऐकत नाही, ऐकूही नये.

इसार दिला आणि ब्लॉक सदोष निघाला तर?

इसार देतानाच लिहून घ्या, साध्या मेसेजमध्ये चालेल: अमुक दिवसांत मशीन शॉपमध्ये तपासणी, तडा निघाला किंवा बोअर सांगितलेल्या मापाचा नसला तर पैसे परत, वाहतूक कुणाची. विकणाऱ्याच्या बाजूनेही एक अट हवी: एकदा कटिंग सुरू केलं की परत नाही.

ब्लॉक चोरीच्या गाडीचा नाही हे कसं कळणार?

इंजिन नंबर शाबूत हवा आणि ज्या गाडीतून काढला तिचे कागद किंवा मोडीत काढल्याचा दाखला बघायला मिळायला हवा. बऱ्याच देशांत इंजिन नंबर गाडीच्या नोंदणीत असतो, त्यामुळे तुमच्या गाडीत बसवल्यावर बदल नोंदवावा लागेल का हेही आधी पाहा. नंबर ग्राइंडरने घासलेला असेल तर ब्लॉक फुकट मिळाला तरी नको.

लांब पाठवायचा आहे. पॅकिंग?

कूलंट आणि ऑइल थेंबन् थेंब काढा, गळती दिसली की वाहतूकवाले माल परत करतात. बोअर आणि तासलेल्या सगळ्या जागांना तेल लावा. डेकवर जाड प्लायवूड ठेवून हेडच्याच बोल्टने आवळा, डेकची कड उडाली तर सगळं मुसळ केरात. मग प्लास्टिक, मग लाकडी पॅलेट, पट्टे ब्लॉकवरून आडवे-उभे. पुठ्ठ्याच्या खोक्यात ब्लॉक पाठवणारे महाभाग आहेत. खोकं पोचतं, ब्लॉक रस्त्यात पडतो. पट्टे आवळल्यावर फोटो काढा.

एकट्याने उचलता येईल?

छोटा अ‍ॅल्युमिनियमचा दोघांनी. बिडाचा व्ही-८ रिकामा असला तरी ७० ते १०० किलोच्या घरात जातो, त्याला चेन पुली किंवा क्रेन. स्टँडवर चढवताना बोल्ट त्याच्या व्यासाच्या दीडपट तरी आत गेला पाहिजे. चार आट्यांवर लटकलेल्या ब्लॉकखाली पाय ठेवू नका.

ब्लॉक घरी आला. पहिलं काम?

पॅकिंग सोडताना व्हिडिओ, मग नंबर जाहिरातीशी ताडून बघणं, मग तेच ३६ आकडे पुन्हा, या वेळी तुमच्या गेजने. काही चुकलं असेल तर त्याच दिवशी कळवा. तीन महिने गॅरेजच्या कोपऱ्यात चादर टाकून ठेवलेल्या ब्लॉकची तक्रार मी तरी घेत नाही.